धर्मकाटा

हिंगणघाट रोडवर, जिनिंगच्या फाटकाशी
काट्याची ही खोली. एक खिडकी, एक पंखा,
एक सागवानी खुर्ची.
प्लास्टिकच्या दोन मोडल्या, मग मालकांनी
ही सुताराकडून करून आणली.
हमाल तिला सिंहासन म्हणतात.
माझं नाव बेबी. त्यावरचे विनोद वेगळे.

भरला ट्रक येतो, आकडा पडतो.
कापूस उतरवून रिकामा येतो, दुसरा आकडा.
पहिल्यातून दुसरा वजा. उरला तो माल.
अकरा वर्षं मी हेच करते
आणि अकरा वर्षं, दिवसातून एकदा तरी,
खिडकीशी कोणी वाकून म्हणतं,
"मॅडम, तुमी चढू नका बरं काट्यावर,
नाई त स्प्रिंग जाईन."
याला स्प्रिंग नसते. लोडसेल असतात.
हे सांगून झालं. आता सांगत नाही.

पोळ्याच्या आठवड्यात कान ठणकत होता.
आरोग्य केंद्रात नवा डॉक्टर.
मान वर करून त्याने मला पाहिलं, कान नाही,
आणि म्हणाला, वजन कमी करा.
मी म्हटलं, कानाचं?
नर्सला हसू आलं, तिने ते रजिस्टरमध्ये दाबलं.
तिसऱ्या रात्री कान फुटला.
उशीवरचा डाग अजून निघाला नाही.

शेषरावच्या ऑटोत मी दोन सीटचे पैसे देते.
दोन सीटचे घेतो, आणि वडनेर फाट्यावर
माझ्याच बाजूला तिसरं माणूस कोंबतो.
"सरका जी मावशी."
कुठे सरकू?

आई म्हणायची, तोंड किती गोड आहे पोरीचं.
फक्त तोंड.
जणू खालचं सगळं
शेजाऱ्यांनी ठेवायला दिलेलं.

रोडग्यांच्या पंगतीत समोरची रांग
माझ्या पानातली तुपाची धार मोजते.
वाढणारा पोरगा माझ्यापाशी पाऊल लांब टाकतो,
"ताईले नसन पाहिजे."
मी पण म्हणते, नको.
मग रात्री घरी, दिवा न लावता,
कालची भाकर आणि ठेचा,
माझ्याच डब्यातून, चोरासारखी.

दिवाळीनंतरची गोष्ट. शेवटची गाडी गेली होती.
चौकीदार देवाजी शेकोटीपाशी पेंगत होता.
मी बाहेर आले. चपला काढल्या,
का काढल्या ते ठाऊक नाही,
आणि जिथे चाकं थांबतात तिथे, मधोमध,
गार लोखंडावर उभी राहिले.

खिडकीच्या काचेत लाल आकडा हलला.
१२०.
पन्नास टनांचा काटा हा, दहा किलोंखाली बोलत नाही.
एकशे सतरा असेन, एकशे तेवीस असेन,
त्याला सारखंच.
जिनिंगमधलं कुत्र्याचं पिल्लू आलं, पायांवर बसलं.
आकडा तोच.
एका गाडीला आम्ही ओलीची जी कट लावतो
ती माझ्याहून जास्त असते.
म्हणजे मी एवढीच. कापसातला दमटपणा.
मला हसू आलं, मोठ्याने.

"कोन हाय?" देवाजी दचकला. "गाडी आली का?"
"नाही. मीच आहे."
मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली.
ते आलं नाही.
"थंडी हाय," एवढं म्हणाला, आणि पिल्लाला
यू यू करून शेकोटीकडे बोलावलं.

पावती छापावी वाटली. छापली नाही.
रिकाम्या वजनाचा रकाना भरता येईना.
माझ्यातून वजा नेमकं काय करायचं असतं
हे आजवर कोणी सांगितलं नाही,
फक्त, करा.

सकाळी आठला पहिली गाडी, गिरडचा ड्रायव्हर,
खिडकीशी वाकला,
"मॅडम, तुमी चढू नका बरं—"
"चढले होते रात्री," मी म्हटलं.
"काही झालं नाही.
गाडी जरा मागे घे, चाक बाहेर आहे तुझं."